कुंडाचा पाडा राज्यात पहिला

"आजपासून या राज्यात आजाराला लपायला जागा उरणार नाही! गरिबाचा खोकला आणि श्रीमंताचा खोकला एकाच तराजूत तोलला जाईल, आणि इतिहास या दिवसाची नोंद सोन्याच्या अक्षरांनी करील!"

आरोग्यमंत्री दत्ताजी भोगले यांनी उगारलेली मूठ टाळ्या संपेपर्यंत तशीच वर धरली. मग खुर्चीत बसून घाम टिपला आणि माईक बंद असल्याच्या भाबड्या समजुतीने शेजारच्या सचिवांना विचारलं, "बरं, चहा कुठाय?"

माईक चालू होता. आवाजावरून आजार ओळखणारं नवं यंत्रही चालू होतं, कारण त्याचं उद्घाटन नुकतंच खुद्द मंत्र्यांनीच केलं होतं. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'पुरुष, वय साठीच्या आसपास. हृदयावर ताण. फुफ्फुसांत पाणी साठू लागले आहे. तातडीने डॉक्टरांना दाखवावे.'

इतिहासाने या दिवसाची नोंद केली, पण वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आणि काळ्या अक्षरांनी. त्याच आठवड्यात मंत्र्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया झाली. महिनाभर उशीर झाला असता तर पोटनिवडणूक घ्यावी लागली असती, असं डॉक्टर म्हणाले. यंत्राने जीव वाचवला होता, त्यामुळे मंत्र्यांना त्याच्याविरुद्ध काही बोलायचीही सोय राहिली नाही. त्यांनी एवढंच केलं, की त्या दिवसापासून 'बरं' हा शब्द तोंडातून हद्दपार केला.

व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या डॉ. मृदुला टिपणीसला मात्र त्या संध्याकाळी धन्य वाटलं होतं. यंत्र इंजिनियरांनी बनवलं होतं, पण शब्द तिचा होता.

मृदुला सुई टोचणारी डॉक्टर नव्हती. तिची डॉक्टरेट आरोग्यातल्या विषमतेवर होती. एका माणसाला दवाखाना हाकेवर आणि दुसऱ्याला डोंगरापलीकडे का, एकाच आजारातून एक उठतो आणि दुसरा का उठत नाही, हे ती वीस वर्षं शोधत होती. पण दारावर 'डॉ.' लावल्याची शिक्षा तिला भोगावी लागायचीच. लिफ्टमध्ये लोक तिला जीभ काढून दाखवायचे.

"अहो, मी माणसं तपासत नाही," ती सांगायची. "मी आकडेवारी तपासते."

"हो का? मग आकडेवारीला उतार पडला की एकदा आमच्याकडे बघा," तळमजल्यावरचे कामेरकर म्हणायचे आणि जीभ आत घ्यायचे.

तिची खरी डोकेदुखी वेगळीच होती. पाहणीला गेलं की 'गेल्या महिन्यात काही आजार?' हा प्रश्न विचारायचा असतो. सुखवस्तू कॉलनीत लोक फाइल घेऊनच बसायचे. ॲसिडिटी, व्हिटॅमिन, मान, पाठ, आणि उजव्या पायाचं एक बोट, जे फक्त सोमवारी दुखतं. तोच प्रश्न वस्तीत विचारला तर पायरीवर बसून धापा टाकणारी बाई म्हणायची, "बरं आहे की!" तिला दुखणं नव्हतं असं नाही. दुखण्याला 'आजार' म्हणायची चैन तिला परवडत नव्हती. आकड्यांची बेरीज केली की निष्कर्ष निघायचा: गरीब माणूस श्रीमंतापेक्षा ठणठणीत आहे. अर्थखात्याचा हा फार लाडका निष्कर्ष होता.

अशाच एका पायरीवर मृदुलाच्या डोक्यात ते आलं. बाई 'बरं आहे' म्हणाली, पण त्या 'बरं'च्या शेपटीला श्वास पुरला नाही. शब्द एक सांगत होता आणि आवाज दुसरंच.

यात जादू नव्हती. 'बरं' म्हणताना ओठ मिटून फुटतात, जीभ टाळूला थडकते, स्वरयंत्राचे पडदे थरथरतात आणि शेवटचा 'अ' लांबत जातो. या सगळ्याला वारा पुरवतं फुफ्फुस. हृदय दमलं की अंगात पाणी साठतं, पडदे किंचित सुजतात, आवाज जड होतो. अंगात रक्त कमी असेल तर श्वास आखूड पडतो. मन खचलं असेल तर आवाजातला चढउतार सपाट होतो. आपल्या कानाला हे कळत नाही, पण लाखो आवाजांवर तालीम झालेल्या यंत्राला कळतं. लांब वाक्य वाचायला दिलं तर माणूस शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत असल्यासारखा आवाज काढतो. 'बरं' मात्र नकळत सुटतं. मराठी माणूस फोन उचलताना, ठेवताना, भांडण सुरू करताना आणि संपवताना तेच म्हणतो. फोनमधल्या यंत्राने तेवढा एक शब्द टिपायचा, बाकीचं बोलणं सोडून द्यायचं, कोण बोललं हेही विसरून जायचं आणि कुठल्या गावातून आवाज आला तेवढंच लक्षात ठेवायचं. नाव ठेवलं 'स्वरनाडी'. लोक त्याला 'बरंयंत्र' म्हणू लागले.

यंत्र घेणं ऐच्छिक होतं. म्हणजे न घेणाऱ्याला दर सरकारी खिडकीवर 'का बरं घेतलं नाही?' असं विचारत, आणि तो "बरं, घेतो" म्हणेपर्यंत वाट बघत.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. कधी कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या वस्त्यांवर रक्तवाढीच्या गोळ्या पोहोचल्या, दम्याचे फवारे पोहोचले. मग शहरातल्या माणसांच्या लक्षात आलं की हा शब्द चुगली करतो. विमा विकणारे फोनवर उगाच "बरं का साहेब?" म्हणून थांबू लागले. मुली बघायला गेलेली मंडळी गाणं म्हणायला न सांगता 'बरं' म्हणायला सांगू लागली. एका खमक्या मुलीने "आधी तुमच्या चिरंजीवांना म्हणू द्या" असं सुनावलं, तेव्हा चिरंजीव खोकले. हळूहळू शहाणी माणसं 'ठीक', 'ओके', 'चालेल' यांवर दिवस काढू लागली.

मृदुलाच्या घरातही तेच झालं. तिचा नवरा श्रीरंग कॉलेजात भूगोल शिकवायचा. स्वभावाने तो पठारासारखा शांत होता.

"रविवारी केळुसकर सरांकडे जेवायला जायचंय," ती म्हणाली. डॉ. केळुसकर म्हणजे तिच्या संस्थेचे संचालक.

"बरं," श्रीरंग म्हणाला.

टेबलावरचा फोन किणकिणला. मृदुलाने बघितलं. "तुझा ताण वाढलाय. तुला यायचं नाहीये."

"मी बरं म्हटलं ना?"

"म्हणूनच तर कळलं."

त्यानंतर श्रीरंग "जशी तुझी इच्छा" म्हणू लागला, मग नुसतं "हं", मग नुसती मान. मृदुलाला उशिरा उमजलं, की आपला संसार त्या एका शब्दावर उभा होता. त्यात 'पटलं' होतं, 'पटलं नाही, पण जाऊ दे' होतं, 'ऐकलं' होतं, आणि 'ऐकलं नाही, पण तू बोलत राहा' हेही होतं. आता घरात दोघंही खरं बोलत होती, आणि त्यामुळे फार कमी बोलत होती.

अशात स्वरनाडीवरून काढलेल्या गावांच्या क्रमवारीचा निकाल लागला. आरोग्याच्या निर्देशांकात राज्यातलं पहिलं गाव ठरलं उत्तर कोकणातल्या डोंगरपट्ट्यातलं 'कुंडाचा पाडा'. केळुसकर सर आनंदाने खोलीभर फिरले. "मृदुला, आदिवासी पाडा पहिला! नोव्हेंबरात दिल्लीला तुझा सन्मान होतोय, त्याला याहून चांगला मुहूर्त नाही. तू स्वतः जा. शाल, श्रीफळ, फोटो!"

जे गाव इतकं निरोगी, तिथल्या उपकेंद्राची गरज संपली, हे ओघानेच आलं. एक तारखेपासून तिथली नर्स मागे पडलेल्या दुसऱ्या गावाला जाणार होती. या योजनेचं नाव होतं 'समन्यायी फेरवाटप'. तो शब्दही मृदुलाचाच होता, आणि आतापर्यंत तिला तो फार आवडायचा.

पाड्यावर शाळेच्या व्हरांड्यात सत्काराची तयारी होती. भालेराव गुरुजींनी पताका लावल्या होत्या. समोरच उपकेंद्राची खोली होती आणि तिच्या दारापासून चिंचेच्या झाडापर्यंत माणसांची रांग होती. रांग खोकत होती.

"हे सगळे सत्काराला आलेत?" मृदुलाने विचारलं.

"नाही मॅडम, हे आजारी आहेत," सिस्टर रंजना गावित म्हणाली. हातातला बी.पी.चा पट्टा सोडायलाही तिला सवड नव्हती. "सत्काराची माणसं अजून यायचीत. तीही आधी इथेच येतील."

"पण पाडा राज्यात पहिला आलाय."

"हो, ऐकलं. आम्हाला वाटलं, खो-खोत."

गावातर्फे शाल स्वीकारायला सोनीबाय वरठा ही सगळ्यात वयस्क बाई निवडली होती. ती व्हरांड्याच्या पायरीवर टेकली, तेव्हा तिच्या छातीतून कुणीतरी करवत चालवल्यासारखा आवाज येत होता. मृदुलाने टॅब्लेटवर यंत्र सुरू केलं आणि आवाजात गोडवा आणला.

"कसं काय, आजी?"

"बेस हाय," सोनीबाय म्हणाली.

यंत्र गप्प.

"तब्येत कशी आहे?"

"बेस."

"हा खोकला किती दिवस आहे?"

"हाय जुना. तो बी बेस हाय."

मृदुलाने टॅब्लेट हलवला, पुसला, बंद करून पुन्हा सुरू केला. यंत्र गप्पच. रांगेतल्या एकेकाला तिने विचारलं. पोटुशी पोरगी म्हणाली "बेस". पायाला चिंधी बांधलेला म्हातारा म्हणाला "बेस". तापाने फणफणलेलं एक पोर काहीच न बोलता रडलं, तर त्याच्या आईने त्याच्या वतीने सांगितलं, "बेस हाय तो."

आणि तेवढ्यात टॅब्लेट टिणटिणू लागला. 'हृदय उत्तम. फुफ्फुसं उत्तम. मन अतिशय प्रसन्न.' पुन्हा टिंग. 'हृदय उत्तम.' टिंग, टिंग, टिंग. थांबायचं नाव नाही.

मृदुलाने मान वर केली. शाळेच्या कुंपणापाशी खाकी कपड्यातला एक तरणाबांड जवान फोन कानाला लावून येरझारा घालत होता, आणि चेहऱ्यावर चांदणं पडल्यासारखा हसत म्हणत होता, "बरं... बरं... बरं गं... बरं म्हटलं ना!"

"हा कोण?"

"थोरात. फॉरेस्ट गार्ड," गुरुजी म्हणाले. "लग्न ठरलंय. साताऱ्याची आहे मुलगी. दिवसभर हेच चालतं. पोरगा चांगला आहे हो, रोज डोंगराला पळत वळसा घालतो. मॅरेथॉनची तयारी करतोय."

"आणि गावात आणखी कोण हा शब्द म्हणतं?"

गुरुजींनी विचार केला. "बरं म्हणजे... मी म्हणतो."

टिंग. 'हृदय चांगले.' 'चष्म्याचा नंबर तपासावा,' असं काही यंत्र म्हणालं नाही, पण मृदुलाला आता तेही खरं वाटलं असतं. यंत्र कोण बोललं ते विसरतं. तशी अट तिनेच घातली होती, लोकांची गुपितं राहावीत म्हणून. त्यामुळे थोरातचं एकेक 'बरं' एकेका गावकऱ्याच्या नावावर जमा झालं होतं. राज्यातला सर्वांत निरोगी पाडा म्हणजे प्रेमात पडलेला एक धावपटू होता. बाकी पाड्याची बोलीच वेगळी. ज्याला मृदुला 'बरं' म्हणत होती, त्याला ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या 'बेस' म्हणत आली होती. वीस वर्षं विषमता शोधणाऱ्या मृदुलाने ती यंत्रात स्वतःच्या हाताने बसवली होती.

"शाल देतेस ना?" सोनीबायने विचारलं. मृदुलाने शाल घातली. सोनीबायने ती खोकल्यावर घट्ट लपेटली. "तू डाक्टरीण ना? मंग ही रंजू का जाते? तिनं काय केलं?"

"तिने काही नाही केलं, आजी," मृदुला म्हणाली. "मी केलं."

"मंग तू नको करू," सोनीबाय म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

केळुसकर सरांच्या दृष्टीने विषय काढायचाच नव्हता.

"अगं, एका पाड्याचं काय घेऊन बसलीस? नोव्हेंबरपर्यंत थांब. सन्मान होऊ दे, मग हळूच दुरुस्ती करू."

"तोपर्यंत सिस्टर गेलेली असेल."

"नर्स पुन्हा नेमता येते."

"नर्स नेमता येते सर. सोनीबाय नेमता येत नाही."

"आणि एक पाडा चुकला म्हणालीस, तर लोक म्हणतील सगळंच चुकलं."

"तसंच म्हणायला पाहिजे त्यांनी. 'बरं' न म्हणणारे पाडे किती आहेत, ते आपण कधी बघितलंच नाही."

सरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना समोरचं दिसत नसे, आणि अवघड प्रसंगी ते हेच करत.

घरी मृदुलाने श्रीरंगला सगळं सांगितलं. थोरातचं ऐकून तो इतका हसला की भाजीची पळी खाली पडली. मग ती म्हणाली, "उद्या मंत्र्यांसमोर बैठक आहे. सांगून टाकते. सन्मान जाईल, कदाचित खोलीवरची पाटीही जाईल. सांगू ना?"

श्रीरंगने सवयीने मान हलवायला घेतली आणि थांबला. टेबलावरच्या फोनकडे बघून त्याने डोळे मिचकावले.

"बेस," तो म्हणाला.

फोन गप्प राहिला. कितीतरी महिन्यांनी मृदुलाला त्याचं म्हणणं यंत्राशिवाय कळलं.

मंत्रालयातल्या बैठकीत सगळ्यांचे फोन बाहेर ठेवलेले होते. आत एकच यंत्र होतं, मृदुलाचा टॅब्लेट, आणि तो टेबलाच्या मधोमध उघडा होता. मंत्री भोगले त्याच्याकडे सापाकडे बघावं तसे बघत होते. शस्त्रक्रियेनंतर ते बारीक झाले होते आणि पुढ्यातल्या अळणी खाकऱ्याकडे दुःखाने पाहत होते.

मृदुलाने न अडखळता सगळं सांगितलं: बेस, थोरात, सातारा, रांग.

सचिव राजाध्यक्ष पुढे सरसावले. "यात अवघड काहीच नाही. त्या लोकांना 'बरं' म्हणायला शिकवू. बरं-साक्षरता अभियान! गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत, दर पाड्याला एक बरंमित्र..." त्यांची नजर टॅब्लेटवर गेली. टॅब्लेट आधीच टिणटिणला होता. 'पित्त. झोप अपुरी.' राजाध्यक्षांनी ओठ गच्च मिटले, आणि अभियान जन्मापूर्वीच आटोपलं.

"साहेब," मृदुला म्हणाली, "या इमारतीतून गेल्या वर्षभरात तो शब्द किती वेळा आला, माहीत आहे? एकदाही नाही. आत्ताची ही पहिलीच वेळ. यंत्राच्या हिशेबी इथे माणूसच राहत नाही."

"विरोधी पक्षही हेच म्हणतो," मंत्री म्हणाले.

"शहरातल्यांनी शब्द सोडला, कारण त्यांना लपायचं होतं. पाड्याने तो कधी घेतलाच नव्हता. तुम्ही न बोलून सुटलात, ते बोलूनही सुटले नाहीत. कारण तुमचं उपकेंद्र कुणी काढून नेणार नाही, त्यांचं परवा जातंय."

मंत्र्यांनी खाकऱ्याचा तुकडा मोडला आणि पुन्हा ताटलीत ठेवला.

"ती म्हातारी," ते म्हणाले, "खोकते म्हणालात?"

"हो."

"आणि तरी बेस म्हणाली?"

"खोकलाही बेस आहे म्हणाली."

"मीसुद्धा त्या दिवशी भाषण संपेपर्यंत बेसच होतो." मंत्री थोडा वेळ छातीवरून हात फिरवत राहिले. "यंत्र नसतं तर मी गेलो असतो. आणि यंत्रामुळे ती जाईल, असंच ना?"

"नर्स राहिली तर नाही जाणार. औषधाने आवरेल असा खोकला आहे, असं सिस्टर म्हणाली. साहेब, दोन गोष्टी करा. फेरवाटप थांबवा. आणि निर्देशांक मागे घेतोय असं जाहीर करा. लोक कुठे काय म्हणतात, ते आम्ही आधी पाड्यापाड्यावर बसून ऐकू, मग यंत्राला शिकवू. चूक माझी आहे, निवेदनात माझं नाव घाला."

केळुसकर सरांनी चष्मा काढला.

राजाध्यक्षांनी आदेशाचा कागद पुढे सरकवला. "साहेब, आपली तोंडी मंजुरी मिळाली की लगेच पाठवतो. इतिवृत्तात 'मंत्रिमहोदय म्हणाले' असं लिहावं लागतं."

सगळे मंत्र्यांकडे बघू लागले. मंत्र्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. 'ठीक' त्यांच्या जिभेवर आलं असावं, पण ते एवढ्या गोष्टीला पुरेना. 'ओके' तर एका बाईच्या खोकल्यापुढे फारच उथळ वाटलं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, टॅब्लेटकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि मग मृदुलाकडे झुकून अगदी हळू, जवळजवळ लाजत म्हणाले,

"मॅडम, तेवढं ते यंत्र जरा बंद करता का? मला 'ब' वरून एक शब्द म्हणायचाय."